जहागीरदाराचा आवाज

डबिंगच्या धंद्यात किस्से फार साठतात आणि त्याचं कारण साधं आहे. दारावरचा लाल दिवा लागला की आत कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, खुर्चीसुद्धा सरकवायची नाही. दिवसाचे पाच-सहा तास माणसं अशी तोंड मिटून बसली की चहाच्या वेळी काय होणार! प्रत्येकाच्या पोटात जे असेल ते बाहेर पडतं. आमच्या स्टुडिओत तर चहा दिवसातून चारदा येतो.

स्टुडिओ भोपाळला, एम. पी. नगरमध्ये, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर. परदेशी सिनेमे आणि मालिका आम्ही हिंदीत करतो. संवाद मी लिहिते आणि रेकॉर्डिंगही मीच घेते. काचेच्या अलीकडे मशीनवर दुबेजी. पलीकडे माइकसमोर, बायकांचे बहुतेक सगळे आवाज काढणाऱ्या नसीम आपा आणि गेली चौदा वर्षं एकाच व्हॅम्पायरचा आवाज असलेले पांढरीपांडे काका.

हा व्हॅम्पायर म्हणजे परदेशातला एक जुना सरदार, रक्तावर जगणारा, उन्हाला भिणारा. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी त्याच्यावर नवीन काहीतरी काढतं. मूळ नाव जिभेला झेपेना म्हणून मी पहिल्याच सिनेमात त्याला 'जागीरदार' करून टाकलं. घरी मराठीत बोलताना तो आपोआप जहागीरदार झाला. त्याचे चेहरे बदलले, कपडे बदलले, स्वभाव तर दर वेळी बदलला. हिंदीतला आवाज मात्र एकच राहिला.

काकांचं घराणं मूळ नागपूरचं. वडील सरकारी बदलीने भोपाळला आले, काका सचिवालयात लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झाले. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्यांचं आणि आमचं घर शेजारी-शेजारी होतं. त्यामुळे एरवी मी त्यांची वंदू. स्टुडिओत मात्र ते मला कटाक्षाने मॅडम म्हणतात. पांढरीपांडे हे नाव इथे कुणाला पेलत नाही, म्हणून बाकी सगळ्यांचे ते पांडेजी.

गेल्या महिन्यात जहागीरदारावरची नवी मालिका आमच्याकडे आली आणि सोबत मुंबईच्या कंपनीचा निरोप आला की ह्या वेळी आवाज दुसरा हवा. तिथल्या सुपरवायझर बाईंनी काकांचं अलीकडचं काम ऐकलं होतं. त्यांचं म्हणणं, सर फार गोड वाटतात, पण भीती वाटत नाही. मी फोनवर खूप गळ घातली तेव्हा शुक्रवारी एक टेस्ट घ्यायचं ठरलं. जमलं तर काका, नाही तर मुंबईचा एक तिशीतला आवाज त्यांनी निवडूनच ठेवला होता.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. काका एकटे राहतात. मुलगा बंगलोरला, तो या या म्हणून थकला. काकांचं उत्तर ठरलेलं असतं, इथे माझं काम आहे. म्हणजे शुक्रवारी हे काम गेलं की काका भोपाळमधूनच गेले. हे आम्हाला कळत होतं आणि काकांनाही कळत होतं. ते आठवडाभर घरी बसून तयारी करत होते आणि आम्ही तिघं इकडे चहावर जहागीरदाराच्याच गोष्टी काढत होतो.

*

पहिला सिनेमा अगदी सरळसोट होता. त्यातला जहागीरदार म्हणजे नुसता राक्षस. त्याच्यासाठी एक भारदस्त आवाजाचे गृहस्थ ठरले होते, त्यांना ऐन वेळी कावीळ झाली. काका त्या दिवशी गावच्या पोस्टमास्तरची दोन वाक्यं बोलायला आले होते. गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकात कामं करायचे, तेवढाच अनुभव. मी सहज म्हणून जहागीरदाराचं पान त्यांच्या हातात दिलं.

वाक्य होतं, "सुबह होने से पहले तुम मेरे हो जाओगे." ते भारदस्त गृहस्थ हे वाक्य छाती फुगवून गरजले असते. काकांनी चष्मा लावला, कागद जरा लांब धरला आणि इतक्या शांतपणे वाचलं की दुबेजींनी हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, ये धमकी नहीं दे रहे," दुबेजी म्हणाले. "ये तो बता रहे हैं कि ऑर्डर निकल चुका है."

मी काकांना विचारलं, जरा आवाज चढवून बघता का. काका म्हणाले, "चढवून तो बोलतो ज्याच्या हातात काही नसतं, मॅडम. आमच्याकडे ओरडणारे साहेब पुष्कळ आले. आम्ही घाबरायचो ते एका न ओरडणाऱ्याला."

महिनाभराने मुंबईहून चौकशी आली की हा नट कुठल्या नाट्यसंस्थेतला. मी सांगितलं, सचिवालयातला. त्यांना वाटलं, तशी एखादी संस्था असेल.

*

त्याच सिनेमात शेवटी जहागीरदार खदाखदा हसतो. पडद्यावर तोंड चांगलं तीन सेकंद उघडं, दोन्ही सुळे बाहेर, म्हणजे तिथे आवाज भरल्याशिवाय सुटका नाही. आणि काकांना हसता येईना. म्हणजे ते हसायचे, पण नातवाच्या बारशाला आल्यासारखे हसायचे.

सात-आठ टेक वाया गेले. काकांची अडचण वेगळीच होती. ते विचारत होते की हा हसतोय कशाला? तीनशे वर्षं हेच चाललंय. गावातले लोक दर वेळी असेच कंदील घेऊन निघतात, कुणीतरी एक असाच पाय घसरून पडतो, मग हा असाच त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. ह्यात हसण्यासारखं नवीन काय आहे? नसीम आपा म्हणाल्या की पांडेजी, जे काय करायचं ते करा, चहा गार होतोय.

नवव्या टेकला पडद्यावरचं तोंड उघडलं आणि काकांनी जांभई दिली. चांगली लांब जांभई, शेवटी एक सुस्कारा. ओठांवर ती बरोब्बर बसली. दुबेजींनी परत लावून दाखवली तेव्हा आम्ही कुणीच हसलो नाही. समोर एक माणूस मरायला टेकलाय आणि मारणाऱ्याला कंटाळा आलाय. मला त्याची भीती वाटली आणि त्याच क्षणी कीवही आली. दोन्ही एकदम कशा येऊ शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

आपांचा शेरा एवढाच होता की हे हसले असते तर मी घाबरले असते, जांभई दिली तर मलाही जांभई आली. पण तो टेक तसाच राहिला.

*

काही वर्षांनी जहागीरदार परत आला तो मालिकेतून आणि एकदम देखणा होऊन. कुरळे केस, उदास डोळे, रक्त पिण्याआधी कविता म्हणायचा. मुंबईहून सूचनांचा कागद आला: आवाजात सत्तर टक्के दर्द, तीस टक्के डर.

मी तो वाचून हसले. काका हसले नाहीत. नोकरीत त्यांनी आलेल्या कागदाची कधी थट्टा केली नव्हती. स्क्रिप्ट घरी घेऊन गेले आणि ऑफिसातली ती जाड पेन्सिल असते ना, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी, ती शोधून काढली. भीतीच्या वाक्याखाली लाल रेघ, दुःखाच्या वाक्याखाली निळी. मग मोजून प्रमाण जमवायचं.

तिसऱ्या दिवशी आले ते चेहरा उतरवून. पहिल्या दोन पानांवर रेघा अगदी सुट्या-सुट्या होत्या. तिसऱ्या पानावर 'मुझसे दूर रहो' असं वाक्य होतं. त्याखाली आधी लाल रेघ काढली होती, मग तिच्यावरून निळी फिरवली होती. 'मैं तुम्हें भूल नहीं सकता' ह्याखाली आधी निळी आणि वरून लाल. पुढे मग पानंच्या पानं दोन्ही रंग.

"वंदू, सगळं जांभळंच होऊन राहिलं गं," काका म्हणाले. स्टुडिओत त्यांनी मला घरच्या नावाने हाक मारली ती तेवढी एकदाच.

मुंबईला मी कळवलं की प्रमाण काटेकोर पाळलं आहे.

*

ती मालिका इतकी चालली की त्या आवाजाला लोक कुठेही ओळखू लागले. एकदा सकाळी काका हबीबगंज स्टेशनच्या बाहेर पोहे खायला थांबले. स्टेशनचं नाव आता बदललंय, पण काका अजून हबीबगंजच म्हणतात. त्यांनी गाडीवाल्याला सांगितलं, एक प्लेट, सेव अलग से. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीच्या हातातला चमचा थांबला. तिने वळून काकांकडे पाहिलं, मग काकांच्या मागे पाहिलं, मग रस्त्याच्या पलीकडेही पाहिलं.

काकांच्या लक्षात आलं. स्वेटर, मफलर, हातात भाजीची पिशवी, अशा अवतारात ते तरी काय सांगणार! ते म्हणाले, "वो तो निकल गए, बेटा. धूप हो गई थी."

*

त्या मालिकेतला खरा घोळ भुकेचा होता. जहागीरदार मुलीच्या शेजारी बसलाय, तिच्या मानेकडे बघतोय आणि स्वतःला आवरतोय. वाक्य असं, "मैं ख़ुद को रोक रहा हूँ. तुम नहीं जानतीं, कितनी देर से." काकांचा सूर फारच सभ्य लागत होता. वाचनालयात शांतता राखावी तसा तो जहागीरदार स्वतःला राखत होता. मुलीला धोका आहे असं वाटेचना.

काकांना डायबिटीस आहे आणि तेव्हा काकूंचा पहारा कडक होता. एक वाजता डबा खायचा, गोडाचं नाव काढायचं नाही. त्या दिवशी खाली कोचिंग क्लासचा कसलासा निकाल लागला आणि एक प्लेट गरम जलेबी वर आमच्याकडे आली. दुबेजींनी ती काचेच्या अलीकडे मशीनवर ठेवली. साडेबारा वाजले होते आणि काकांच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. मी ती प्लेट मुद्दाम काचेला लावून ठेवली. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही.

काकांनी प्लेटकडे बघितलं. मग तेच वाक्य बोलले. मध्ये एकदा गिळल्याचा आवाज आला, तो आम्ही काढून टाकला नाही. मी काचेअलीकडे सुरक्षित बसले होते, तरी माझा हात आपसूक गळ्याकडे गेला. आणि त्याच वेळी असंही वाटलं की बिचाऱ्याला एक तुकडा द्यावा.

आपांनी शेरा मारला, "लड़की की गर्दन से जो न हुआ, जलेबी से हो गया!"

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. त्यांना सगळं कळलं होतं, काकांनीच सांगितलं असणार. काकू म्हणाल्या, "वंदू, तुमच्या भुताला भूक लागली तर त्याला पोळी-भाजी दे. माझ्या नवऱ्याला जलेबी दाखवू नको."

*

मग आलं कार्टून. त्यातला जहागीरदार ढेरपोट्या, एक सुळा पडलेला, टोमॅटोचा रस पिणारा. सूचना एकच होती, मुलांना अजिबात भीती वाटता कामा नये. काकांनी भीती काढली ती अगदी मुळापासून काढली. इतका प्रेमळ जहागीरदार मी कधी ऐकला नव्हता.

पहिला भाग तयार झाल्यावर दुबेजी त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आले. गुडिया सगळा भाग मान खाली न घालता बघत होती. आम्ही खूश. भाग संपला आणि तिने बापाला विचारलं, "पापा, इसका कोई नहीं है क्या?" आणि रडायला लागली. बिस्किटं दिली, खाली नेऊन आइस्क्रीम दिलं, तरी थांबेना. तिला त्या जहागीरदाराला घरी न्यायचं होतं.

काका फार अस्वस्थ झाले. रविवारभर विचार करून सोमवारी आले आणि सगळा भाग परत बोलले. ह्या वेळी त्यांनी दर तीन वाक्यांमागे एक बारीक गुरगुर टाकली. संध्याकाळी गुडियाला परत दाखवलं. पहिल्या गुरगुरीला ती दचकली आणि मग जी हसत सुटली ती शेवटपर्यंत. घरी जाताना तिने बापाला सांगितलं की ह्याला घरी नको आणायला, चावेल.

मुंबईला मात्र प्रश्न पडला. मुलांना भीती वाटू नये असं लिहून दिलं होतं, मग ही गुरगुर कशासाठी? मी उत्तर लिहिलं की मुलं रडू नयेत म्हणून. ते त्यांना कळलं की नाही, ठाऊक नाही.

*

काकू गेल्या तेव्हा दुसऱ्या मालिकेचं काम अर्ध्यावर होतं. त्यातला जहागीरदार बायकोच्या कबरीवर रडतो असा एक मोठा सीन राहिला होता. काका पंधराव्या दिवशी कामावर आले. मी शहाणपणा करून त्यांच्यासाठी फक्त धमक्यांचे सीन काढून ठेवले होते. रडण्याचा सीन पुढे कधीतरी घेऊ, असं दुबेजींना सांगून ठेवलं होतं.

काकांनी पहिली धमकी दिली. "मैं लौटकर आऊँगा." ती विनवणीसारखी आली. दुसऱ्या माणसाचा गळा धरून विचारायचं होतं, "वो कहाँ है?" तेही तसंच आलं. तिसऱ्या वाक्यानंतर मी आत बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबलं. काचेपलीकडून काकाच बोलले.

"मॅडम, आज माझ्याकडून भीती निघणार नाही. तो रडायचा सीन द्या. तो कोरडा निघेल."

आणि तसंच झालं. पडद्यावर जहागीरदार कबरीवर ओणवा होऊन रडतोय आणि काकांचा आवाज सपाट, एकेक शब्द जागच्या जागी. "तुमने वादा किया था. पहले मैं जाऊँगा." असा माणूस आता उठून काय करेल ह्याचा नेम नाही, असं वाटलं. दुबेजींनी आवाजाची पट्टी बघायचं सोडून मान खाली घातली होती. मी रडले. काचेमुळे काकांना दिसलं असणार, पण त्यांनी पाणी मागितलं आणि पुढचं पान उलटलं.

त्या दिवसापासून त्यांचा जहागीरदार हळूहळू मऊ होत गेला, हे मात्र खरं आहे. मला ते कळत होतं. मी कधी बोलले नाही, कारण काकांना आवाज चढवायला सांगायचा धीर मला झाला नाही.

*

नसीम आपांचं तसं नव्हतं. त्या जुन्या भोपाळच्या. रेडिओवर नाटकं करून आलेल्या. कागदावर जे लिहिलंय ते आणि तेवढंच बोलायचं, हा त्यांचा नियम. माझ्या स्क्रिप्टमध्ये एखादा 'भी' किंवा 'तो' जास्तीचा पडला तर त्या तोही बोलतात आणि नंतर चहावर माझा उद्धार करतात. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कागदाबाहेरचा एक शब्द रेकॉर्ड झालेला मी ऐकला नव्हता.

मुंबईचा निरोप आला तेव्हा मी चिडले, पण आपा म्हणाल्या की त्या बाई चुकीचं बोलत नाहीत. पूर्वी पांडेजींच्या आवाजाने माझ्या पाठीतून शिरशिरी जायची. आता त्यांच्यासाठी चहा टाकावासा वाटतो. व्हॅम्पायरला बघून चहा टाकावासा वाटला तर मग उरलं काय? मी म्हणाले की तीनशे वर्षं जगून थकलेल्या माणसाचा आवाज असाच येणार. आपा म्हणाल्या की थकला असेल, पण दात तर पडले नाहीत ना.

आमचं चांगलंच वाजलं. दुबेजी मध्ये पडले नाहीत, ते शहाणे आहेत. गुरुवारी आपा माझ्याशी नुसत्या कामापुरतं बोलल्या. मी मात्र घरी जाऊन विचार करत बसले, कारण मनातून मला वाटत होतं की मुंबईच्या बाई बरोबर बोलतायत आणि शुक्रवारी काका नापास होणार.

*

शुक्रवारी अकराला काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. समोरच्या पडद्याशेजारी लॅपटॉप ठेवला होता, त्यात मुंबईच्या सुपरवायझर बाई. तरुण आहेत, नम्र आहेत, सर सर करून बोलतात.

टेस्टसाठी त्यांनीच सीन निवडला होता. नव्या मालिकेतला जहागीरदार म्हातारा आहे. बर्फात चालत तो एका बाईच्या दाराशी येतो. पन्नास वर्षांपूर्वी त्याने तिच्या भावाला मारलेलं असतं. बाई आता डॉक्टर आहे, एकटी राहते. दार उघडं आहे, पण घरच्या माणसाने आत बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही. त्याचं एवढंच वाक्य, "बहुत ठंड है. मैं अंदर आ सकता हूँ?" त्यावर बाई म्हणते, "नहीं. चले जाइए." बाईचा आवाज आपांचा. दोघं एकाच वेळी माइकवर उभे राहिले.

पहिला टेक झाला. लॅपटॉपमधल्या बाई म्हणाल्या, "सर, दया आती है, डर नहीं लगता." काकांनी मान हलवली. दुसऱ्या टेकला त्यांनी तोच जुना आवाज काढला, पहिल्या सिनेमातला, ऑर्डर निघाल्यासारखा. मला बरं वाटलं. बाई म्हणाल्या की आता डर आहे, पण अशा माणसासाठी दार उघडं कोण ठेवेल? दोन्ही पाहिजे, सर. तिसरा आणि चौथा टेक मधल्यामध्ये कुठेतरी लटकले. काकांचा घसा बसायला लागला होता. बाईंनी घड्याळाकडे बघितलेलं आम्ही सगळ्यांनी बघितलं.

काकांनी चष्मा काढून पुसला आणि लॅपटॉपकडे बघून विचारलं, दारातल्या ह्या डॉक्टरबाईला माहीत आहे का मी कोण आहे?

सगळं माहीत आहे, उत्तर आलं.

आणि तिला माहीत आहे हे मला माहीत आहे?

"जी सर. दोनों को सब मालूम है."

काकांनी कागद स्टँडवर पालथा ठेवला, माइकपासून एक पाऊल मागे सरकले आणि दोन्ही हात पुढे, दिसतील असे धरले. दुबेजी घाईघाईने आवाजाची पट्टी वर घ्यायला लागले. मी लाल दिवा लावला. पडद्यावर बर्फ पडत होता आणि दारात तो म्हातारा उभा होता.

"बहुत ठंड है," काका म्हणाले. मग इतका वेळ थांबले की वाक्य विसरले की काय असं मला वाटलं. "मैं अंदर आ सकता हूँ?"

तो आवाज कसा होता हे मला लिहिता येणार नाही. मी खूप प्रयत्न करून बघितला. एवढंच सांगते की मला उठून दार लावून घ्यावंसं वाटलं आणि मी उठू शकले नाही.

पडद्यावर त्या बाईचे ओठ हलले. आपांसमोर कागद होता, कागदावर माझ्याच हातची दोन वाक्यं होती आणि त्यांचं बोट पहिल्या वाक्यावर होतं.

"आइए," नसीम आपा म्हणाल्या. "भीतर आ जाइए."

पडद्यावरचं दार बंद झालं. आपा तशाच उभ्या होत्या, बोट अजून कागदावर, दुसरा हात ओढणीच्या टोकाशी. काका कुणाकडेच बघत नव्हते. दुबेजींनी माझ्याकडे बघितलं, मी लॅपटॉपकडे बघितलं. लाल दिवा बंद करायचा राहून गेला होता, त्यामुळे कुणी बोललं नाही.

बऱ्याच वेळाने मुंबईहून आवाज आला, जरा खाकरून.

"सर का रख लीजिए. आपा का दोबारा ले लेते हैं."